ओकायामा प्रीफेक्चर: जुने प्रांत, आजच्या २७ पालिका आणि न जुळणारे नकाशे

वारजेकर_नकाशे (प्रश्न)

नमस्कार मंडळी. जपानी भाषेच्या वर्गासाठी जपानमधल्या ओकायामा प्रीफेक्चरवर (प्रीफेक्चर म्हणजे आपल्याकडच्या राज्यासारखा विभाग) मराठीत एक माहितीपत्रक आणि भिंतीवर लावायचा नकाशा तयार करायचा आहे. सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानामुळे ओकायामा हे नाव पुण्यात बऱ्याच जणांच्या कानावरून गेलेलं असतं, पण त्यापलीकडे मराठीत धड काही सापडत नाही.

जपानी साधनं चाळताना अडचण येतेय ती अशी. १८७२ च्या नकाशात आजच्या ओकायामाच्या जागी तीन वेगळी प्रीफेक्चरं दिसतात. स्थानिक संस्थांची संख्या एका यादीत ७८, दुसरीत २७. 'बिझेन' हे नाव कुठे प्रांत म्हणून येतं, कुठे शहर म्हणून, तर कुठे सरकारी कार्यालय म्हणून. त्सुयामा मिमासाकात आहे असं एकीकडे लिहिलंय आणि दुसरीकडे मिमासाका हे त्सुयामाच्या शेजारचं वेगळं शहर दाखवलंय. काही पत्त्यांत 'गुन' (तालुक्यासारखा जुना विभाग) येतो, काहींत येत नाही. शिवाय ओकायामा शहर प्रीफेक्चरच्या अधिकाराखाली आहे की स्वतंत्र, हेही नीट उलगडत नाही.

इतिहास, कारभार आणि राजकारण या तिन्ही अंगांनी कोणी नीट समजावून सांगेल का? नकाशा आकडेवारीच्या फायलींवरून बनवायचा आहे, त्यामुळे त्यातले खाचखळगेही हवे आहेत.

---

किबी_ते_मेइजी

आधी इतिहास, कारण तुमचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

या सगळ्या भागाचं जुनं नाव किबी. यामातोच्या, म्हणजे जपानच्या सुरुवातीच्या मध्यवर्ती राजसत्तेला तोलामोलाची वाटावी अशी ही सत्ता होती. आजच्या ओकायामा शहराच्या किता वॉर्डात पाचव्या शतकातलं त्सुकुरियामा हे थडग्याचं टेकाड आहे. लांबी सुमारे ३५० मीटर, जपानात चौथ्या क्रमांकाचं. सातव्या शतकाच्या अखेरीस किबीचे तुकडे पाडले गेले: राजधानीकडून, म्हणजे पूर्वेकडून मोजत बिझेन, बिच्चू, बिंगो. पुढे ७१३ मध्ये बिझेनचा डोंगराळ उत्तरभाग काढून मिमासाका केला. आजचं ओकायामा म्हणजे बिझेन, बिच्चू आणि मिमासाका. बिंगो हिरोशिमात गेला. तुमच्या नकाशावर प्रांतांच्या सीमा तुटक रेषेने दाखवायच्या असतील तर हे तीनच दाखवा, पण बिंगो पश्चिमेला कुठे होता ते समासात लिहा. १८७२ चा नकाशा त्याशिवाय कळणार नाही.

एदो काळात (१६०३ ते १८६८, शोगुन या लष्करी शासकांचा काळ) या तीन प्रांतांची अवस्था एकमेकांपेक्षा फार वेगळी होती आणि माहितीपत्रकात हे यायलाच हवं. बिझेन एकसंध राहिला. उकिता हिदेइएने १५९७ मध्ये ओकायामाचा किल्ला पुरा केला, १६०० च्या सेकिगाहाराच्या लढाईत तो हरणाऱ्या बाजूला होता, म्हणून प्रदेश कोबायाकावा हिदेआकीकडे गेला. तो १६०२ मध्ये वारला आणि मग इकेदा घराणं आलं ते थेट मेइजीपर्यंत, म्हणजे १८६८ नंतरच्या सत्ताबदलापर्यंत टिकलं. सुमारे ३ लाख १५ हजार कोकूची जहागीर (कोकू हे तांदळाच्या उत्पन्नाचं माप). इकेदा मित्सुमासाने १६७० मध्ये सर्वसामान्यांच्या मुलांसाठी शिझुतानी शाळा काढली, त्याचा मुलगा त्सुनामासा याने १६८७ मध्ये सुरू करून १७०० मध्ये पुरी केलेली बाग म्हणजेच कोराकुएन, आपल्याकडच्या उद्यानाचा मूळ नमुना.

मिमासाका १६०३ मध्ये मोरी तादामासाला मिळाला. त्याने त्सुयामाचा किल्ला बांधला. मोरींची सत्ता गेल्यावर १६९८ पासून त्सुयामात मात्सुदायरा आले, पण वाट्याला पूर्ण प्रांत आला नाही. आणि बिच्चू म्हणजे नुसत्या चिंध्या. मात्सुयामा, निवासे, आशिमोरी, ओकादा, निइमी अशा लहान लहान जहागिरी आणि मधे मधे शोगुनची थेट जमीन. कुराशिकी हे त्या थेट जमिनीचं ठाणं. कुराशिकी आणि ओकायामा या शहरांचा स्वभाव वेगळा का, याचं एक कारण इथे आहे: एक व्यापाऱ्यांचं गाव, दुसरं किल्ल्याखालचं.

आता तुमचा १८७२ चा नकाशा. १८७१ मध्ये जहागिरी बरखास्त होऊन प्रत्येकीचं आधी एकेक प्रीफेक्चर झालं. त्याच वर्षाच्या शेवटी त्यांची मोट बांधून तीन केली: बिझेनचं ओकायामा, मिमासाकाचं होजो (मुख्यालय त्सुयामा), आणि बिच्चू अधिक बिंगोचा पूर्वभाग मिळून फुकात्सु. फुकात्सुचं नाव १८७२ मध्ये ओदा झालं, मुख्यालय कासाओका. म्हणजे तुमच्या नकाशात 'फुकात्सु' आहे की 'ओदा' यावरून तो १८७२ च्या आधीच्या अर्ध्याचा की नंतरचा हे ठरवता येईल. होजोमध्ये १८७३ मध्ये सक्तीच्या लष्करभरतीविरुद्ध शेतकऱ्यांचा मोठा उठाव झाला. तोही नोंदवा, कारण नव्या राज्यव्यवस्थेचा भार खेड्यांवर कसा पडला ते त्यातून दिसतं.

डिसेंबर १८७५ मध्ये ओदा ओकायामात विलीन झालं. एप्रिल १८७६ मध्ये होजोही आलं आणि त्याच वेळी बिंगोचे सहा गुन हिरोशिमाला दिले. आजची हद्द इथून. फक्त पूर्वेला दोनदा कात्री लागली: १८९६ मध्ये मिमासाकाचा एक कोपरा ह्योगोत गेला आणि १९६३ मध्ये फुकुउरा हा बिझेनचा किनारी तुकडा ह्योगोतल्या आको शहरात गेला. म्हणूनच आको मार्गावरचं 'बिझेन-फुकुकावा' स्टेशन नावात बिझेन असूनही ओकायामाबाहेर आहे. स्टेशनांच्या नावांवरून हद्द काढणारे इथे हमखास चुकतात.

---

नगररचना_कट्टा

वरचा प्रतिसाद उत्तम. मी कारभाराची बाजू घेतो.

आधी मूळ सांगाडा. जपानात लोकनिर्वाचित स्थानिक शासनाचे दोनच स्तर आहेत: प्रीफेक्चर (४७) आणि त्याखाली शहर, गाव, खेडं. यातलं खेडंसुद्धा कायद्याने शहराच्याच पंगतीला बसतं, त्याला स्वतःचा थेट निवडलेला प्रमुख आणि सभागृह असतं. १९४७ च्या स्थानिक स्वायत्तता कायद्यापासून गव्हर्नर आणि महापौर दोघंही मतदार थेट निवडतात, मुदत चार वर्षं. पुणे महापालिकेत जसा राज्य सरकारने नेमलेला आयुक्त कार्यकारी प्रमुख असतो तसं तिथे नाही. महापौर हाच कारभारी. वाचकाला ही एक गोष्ट पहिल्या परिच्छेदात सांगा, नाहीतर 'महापौर' शब्द वाचून तो मानाचं पद समजेल.

ओकायामात आज २७ संस्था आहेत: १५ शहरं, १० गावं, २ खेडी. शहरं: ओकायामा, कुराशिकी, त्सुयामा, तामानो, कासाओका, इबारा, सोजा, ताकाहाशी, निइमी, बिझेन, सेतोउची, आकाइवा, मानिवा, मिमासाका, आसाकुची. खेडी: शिंजो आणि निशिआवाकुरा. ७८ हा आकडा या शतकाच्या सुरुवातीच्या विलीनीकरणाआधीचा. बहुतेक बदल २००४ ते २००७ मध्ये झाले. तेव्हा यादीवर वर्ष नसेल तर ती वापरूच नका.

नावांचा घोटाळा याच विलीनीकरणातून वाढला. नव्या शहरांनी जुन्या प्रांतांची आणि गुनांची नावं उचलली. मिमासाका शहर हे मिमासाका प्रांताचा पूर्वेकडचा भाग फक्त. प्रांताचं मुख्य ठिकाण त्सुयामा, आणि ते या शहरात नाही. बिझेन शहर हे प्रांताच्या पूर्व टोकाला, मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या इम्बेभोवतीचं. प्रांताचं केंद्र होतं ओकायामा. आसाकुची शहर आहे आणि आसाकुची गुनही आहे, पण त्या गुनात आता एकटं सातोशो गाव उरलंय. म्हणून नकाशावर नुसतं 'बिझेन' किंवा 'मिमासाका' कधीही लिहू नका. 'बिझेन प्रांत', 'बिझेन शहर' असं पूर्ण लिहा.

गुनाचं सोपं आहे. गुन हा आता प्रशासकीय स्तर नाही. गुनांची सभा १९२३ मध्ये आणि कार्यालयं १९२६ मध्ये बंद झाली. आज तो फक्त गाव आणि खेड्यांच्या पत्त्यात येतो, शहरांच्या पत्त्यात येत नाही. त्यामुळे एखादं गाव शहरात विलीन झालं की गुन आपोआप आक्रसतो. ओकायामात दहा गुन शिल्लक आहेत आणि त्यातले बहुतेक एकाच गावाचे. कागा गुनात फक्त किबिचुओ, ओदा गुनात फक्त याकागे, त्सुकुबो गुनात फक्त हायाशिमा. गुनाचा थर नकाशात रंगवू नका, पत्त्याच्या स्पष्टीकरणात दोन ओळी पुरेत.

प्रांतसीमा आणि आजच्या हद्दी तंतोतंत जुळणार नाहीत, हे गृहीत धरूनच कामाला लागा. किबिचुओ हे २००४ मध्ये कामोगावा (बिझेन) आणि कायो (बिच्चू) एकत्र करून झालं. मानिवा शहर २००५ मध्ये नऊ गावं-खेडी मिळून झालं, त्यातलं होकुबो बिच्चूतलं आणि मोठा भाग मिमासाकातला. ही दोन ठिकाणं प्रांतरेषेने चिरली जातात, तशीच ओकायामा आणि कुराशिकी ही शहरंही (दोन्हींत बिझेन आणि बिच्चू दोहोंचा भाग आहे). तिथे अख्ख्या पालिकेला एकच रंग दिलात की नकाशा चुकला.

आता प्रीफेक्चर आणि ओकायामा शहर. १८८९ मध्ये शहर झालं, १ एप्रिल २००९ पासून ते 'निर्देशित शहर' आहे. त्याची कायदेशीर अट पाच लाख लोकसंख्या, शहराची सुमारे सात लाख. शहर प्रीफेक्चरमधून बाहेर पडत नाही, पण प्रीफेक्चरची बरीच कामं त्याच्याकडे येतात. शहराचे चार वॉर्ड आहेत: किता, नाका, हिगाशी, मिनामी. वॉर्ड कार्यालयात रहिवासी नोंदणी, विमा, कर यांची कामं होतात, पण वॉर्डाला स्वतःचं सभागृह किंवा निवडलेला प्रमुख नाही. तोक्योच्या २३ वॉर्डांशी याची गल्लत करू नका, ते वेगळ्या कायदेशीर जातीचे आहेत. कुराशिकी २००२ पासून त्याखालच्या दर्जाचं 'मध्यवर्ती शहर' आहे. त्याला वॉर्ड नाहीत.

कोणाचं काम कोणाकडे: पोलीस प्रीफेक्चरचे, निर्देशित शहरातसुद्धा. बहुतेक सरकारी उच्च माध्यमिक शाळा प्रीफेक्चरच्या. प्राथमिक आणि कनिष्ठ माध्यमिक शाळा पालिकेच्या, पण शिक्षकांचा पगार प्रीफेक्चर देतं, आणि २०१७ पासून निर्देशित शहरांत तो शहर देतं. कचरा, नळाचं पाणी पालिकेकडे. ओकायामात एका नजरेत दिसणारं उदाहरण हवं असेल तर असाही नदीच्या दोन काठांवर बघा: कोराकुएन बाग १८८४ मध्ये प्रीफेक्चरला मिळाली आणि लोकांना खुली झाली, ती आजही प्रीफेक्चरची. समोरचा किल्ला शहराचा. मूळ बुरूज २९ जून १९४५ च्या हवाई हल्ल्यात जळाला, आजचा १९६६ चा आहे.

---

वारजेकर_नकाशे

फारच उपयोगी. तिसरं 'बिझेन' मात्र राहिलं, कार्यालयाचं. आणि राजकारणाबद्दल कोणी लिहील का? गव्हर्नरांची नुसती यादी नको, काय घडवलं आणि काय फसलं ते हवंय.

---

सेतो_किनारा

कार्यालयाचं आधी. प्रीफेक्चरने आपला कारभार तीन विभागीय कार्यालयांत वाटलाय: बिझेन (ओकायामा शहरात), बिच्चू (कुराशिकीत), मिमासाका (त्सुयामात). शेती, रस्ते, आरोग्य, करवसुली यांची प्रीफेक्चरची कामं त्यांच्यामार्फत चालतात. तेराशे वर्षांपूर्वीची विभागणी आजच्या सरकारी पाटीवर आहे ती अशी. मात्र या कार्यालयांची हद्द पालिकांच्या हद्दीने जाते, प्रांतरेषेने जात नाही. तीही प्रांतसीमा म्हणून वापरू नका.

राजकारण. युद्धोत्तर ओकायामा समजून घ्यायचा तर मिकी युकिहारु या गव्हर्नरापासून सुरुवात करा. १९५१ ते १९६४, पदावर असतानाच निधन. शेतीप्रधान प्रीफेक्चरला उद्योगावर उभं करायचं हा त्यांचा ध्यास. ताकाहाशी नदीच्या मुखाशी मिझुशिमा इथे समुद्र हटवून, बंदर खोल करून तेल आणि पोलाद कारखाने आणले. मिझुशिमा आजही प्रीफेक्चरच्या उद्योगाचा कणा आहे, आणि तिथल्या हवाप्रदूषणाने पुढे न्यायालयीन लढेही ओढवून घेतले. दोन्ही लिहा.

फसलेली गोष्ट म्हणजे 'दक्षिण ओकायामाचं दशलक्ष लोकांचं शहर'. ओकायामा, कुराशिकी यांसह ३३ पालिका एकत्र करण्याची ही योजना ऐनवेळी ओकायामा शहर मागे फिरल्याने १९६३ मध्ये कोलमडली. ती झाली असती तर आजचा नकाशा पार वेगळा असता. त्याऐवजी १९६७ मध्ये कुराशिकी, कोजिमा, तामाशिमा ही तीन शहरं मिळून आजचं कुराशिकी झालं, आणि प्रीफेक्चरला दोन मोठी केंद्रं कायमची मिळाली. हायाशिमा हे जेमतेम ७.६ चौरस किलोमीटरचं गाव त्या दोघांच्या मधे स्वतंत्र राहिलंय ते बघा, नकाशात ठिपक्याएवढं दिसेल. त्याला वेगळी मोठी चौकट द्या.

मिकींनंतर काही काळ कातो ताकेनोरी, मग नागानो शिरो १९७२ ते १९९६, सलग २४ वर्षं. सेतो महासेतू त्यांच्या काळातला, १९८८ मध्ये खुला झाला. कुराशिकीच्या कोजिमातून थेट शिकोकूतल्या साकाइदेपर्यंत रस्ता आणि रेल्वे. १९९६ च्या निवडणुकीत इशिई मासाहिरो यांनी एदा सात्सुकी यांना थोडक्यात हरवलं. हेच एदा पुढे राष्ट्रीय संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष झाले. २०१२ मध्ये इबारागी र्‍यूता निवडून आले, ते त्याआधी ओकायामातल्या तेनमाया डिपार्टमेंट स्टोअरचे प्रमुख होते. प्रीफेक्चरच्या सभागृहात ५५ जागा आहेत.

राष्ट्रीय राजकारणात या प्रीफेक्चरचं वजन मोठं. इनुकाई त्सुयोशी निवासेचे, पंतप्रधान असताना १५ मे १९३२ रोजी नौदलाच्या तरुण अधिकाऱ्यांनी त्यांची हत्या केली. हिरानुमा कीइचिरो त्सुयामाचे, १९३९ मध्ये पंतप्रधान. हाशिमोतो र्‍यूतारो १९९६ ते १९९८. हाशिमोतो आणि कातो मुत्सुकी हे एकाच पक्षाचे, जुन्या बहुसदस्य मतदारसंघात एकमेकांविरुद्ध लढत. 'रोकु-र्‍यू युद्ध' म्हणून ती चुरस गाजली. १९९६ पासून एकसदस्य मतदारसंघ आल्यावर अशी घरातली लढाई संपली. लोकसंख्येच्या फेरवाटपात कनिष्ठ सभागृहाच्या जागा ५ वरून ४ झाल्या. २०२४ ची निवडणूक नव्या रचनेवर झाली. मतदारसंघांचा जुना नकाशा वापरू नका.

विलीनीकरण नाकारणाऱ्यांवरही चार ओळी हव्यात, कारण खरं स्थानिक राजकारण तिथे दिसतं. निशिआवाकुराने स्वतंत्र राहायचं ठरवलं आणि २००८ मध्ये शंभर वर्षांच्या जंगलाची योजना हाती घेतली: विखुरलेल्या खाजगी वनतुकड्यांची निगा गावाने एकत्रित घ्यायची आणि लाकडावर गावातच उद्योग उभे करायचे. नागीने विलीनीकरण नाकारून वाचवलेला पैसा मुलांच्या संगोपनावर लावला. २०१९ मध्ये तिथला प्रजननदर २.९५ नोंदला गेला. इतक्या लहान गावात काही कुटुंबांमुळेही हा आकडा खालीवर होतो, म्हणून वर्षासकटच लिहा.

आणि एक गंभीर बाब. जुलै २०१८ च्या पुरात कुराशिकीचा माबी भाग बुडाला, तिथे ५१ माणसं गेली. माबी २००५ मध्येच कुराशिकीत आलेलं. फुटलेल्या बांधांपैकी ओदा नदीचे केंद्र सरकारच्या देखरेखीतले, तिला मिळणाऱ्या लहान नद्यांचे प्रीफेक्चरच्या देखरेखीतले, आणि लोकांना हलवण्याचा आदेश द्यायचा अधिकार शहराचा. ताकाहाशी नदी फुगली की ओदाचं पाणी मागे लोटतं, हे मूळ कारण. म्हणून संगम सुमारे ४.६ किलोमीटर खाली नेण्याचं काम झालं, ते २०२४ मध्ये पुरं झालं. तीन स्तरांची जबाबदारी समजावायला याहून नेमकं उदाहरण नाही, पण ते लिहिताना आकड्यांच्या आड माणसं लपू देऊ नका.

---

शेपफाइल_सदाशिव

नकाशाच्या फायलींबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मी.

जपानच्या भूमी मंत्रालयाची 'राष्ट्रीय भूमी संख्यात्मक माहिती' मोफत उतरवता येते. त्यातला एन०३ हा प्रशासकीय हद्दींचा संच घ्या, प्रीफेक्चर क्रमांक ३३. वर्षनिहाय फायली असतात. एक २००० ची आणि एक अलीकडची घेतलीत की ७८ आणि २७ शेजारी शेजारी दाखवता येतील.

फाइल उघडल्यावर ओळी मोजून घाबरू नका. कासाओका आणि बिझेन शहराच्या हद्दीत बेटं आहेत आणि प्रत्येक बेट वेगळा बहुभुज असतो. आधी पाच अंकी क्रमांकावर सगळे तुकडे जोडा. जोडल्यावर ३० यायला हवेत, २७ नाही, कारण ओकायामा शहराचे चार वॉर्ड वेगळे मोजले जातात (३३१०१ ते ३३१०४). ते चार एकत्र केले की २७. याहून वेगळा आकडा आला तर हद्द न ठरलेला एखादा तुकडा क्रमांकाशिवाय शिल्लक आहे का ते तपासा.

लोकसंख्येचे तक्ते जोडताना नेहमी फसणारी जागा: २००९ पूर्वी ओकायामा शहराचा क्रमांक ३३२०१ होता, निर्देशित शहर झाल्यावर ३३१०० झाला. जुना तक्ता नव्या हद्दीला जोडलात तर नेमकं राजधानीचं शहर रिकामं दिसेल. काही सरकारी तक्त्यांत क्रमांक सहा अंकी असतो, शेवटचा तपासणी अंक असतो. तो काढून टाका. स्प्रेडशीटमध्ये हा स्तंभ मजकूर म्हणूनच उघडा. ३३ ला त्रास होणार नाही, पण होक्काइदोपासून सुरू होणाऱ्या ०१ ते ०९ या प्रीफेक्चरांचं शून्य उडतं आणि पूर्ण जपानचा छोटा नकाशा कोपऱ्यात देताना जोडणी बिघडते.

क्षेत्रफळाच्या तुलनेसाठी: ओकायामा सुमारे ७,११४ चौरस किलोमीटर, पुणे जिल्हा १५,६४३, म्हणजे निम्म्याहून कमी. २०२० च्या जनगणनेत ओकायामाची लोकसंख्या सुमारे १८.९ लाख. प्रीफेक्चरमधली क्षेत्रफळाने सर्वांत मोठी पालिका मानिवा (सुमारे ८२८), मग निइमी, मग ओकायामा शहर. लोकसंख्येचा रंगीत नकाशा काढलात तर ही उत्तरेची विरळ वस्ती डोळ्यात भरेल आणि किनाऱ्यावरची दाट वस्ती दबेल. त्यामुळे एकूण लोकसंख्या वर्तुळांनी दाखवा, रंग घनतेला ठेवा.

प्रांतरेषेसाठी आजच्या हद्दी पुरणार नाहीत हे वर आलंच आहे. २००० ची फाइल घ्या, पालिकांना प्रत्येकी प्रांत नेमून द्या आणि मग जोडा. ओकायामा आणि कुराशिकी ही शहरं मात्र तेव्हाही दोन प्रांतांत पसरलेली होती, ती हाताने कापावी लागतील. कामोगावा, कायो, होकुबो तेव्हा स्वतंत्र असल्याने किबिचुओ आणि मानिवाचा प्रश्न तिथेच मिटतो. ह्योगोत गेलेले १८९६ आणि १९६३ चे दोन तुकडे मात्र ३३ क्रमांकाच्या फायलीत मिळणार नाहीत. ते २८ क्रमांकातून, म्हणजे ह्योगोच्या आको आणि सायो या पालिकांमधून हाताने कापावे लागतील. छोट्या भिंतनकाशावर ते दिसणारही नाहीत, तिथे बाण काढून टीप दिलीत तरी चालेल.